लग्नाची रंगीत तालीम

१२ जानेवारी

ताई,

लग्न करतेय मी. हो, मीच. आधी बस, मग पुढचं वाच.

फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतेस, म्हणून पत्र. फाडायचं म्हटलं तरी पत्र आधी हातात घ्यावं लागतं, आणि घेतलं की दोन ओळी डोळ्यांखालून जातातच. त्या दोन ओळींवर माझी सगळी भिस्त आहे.

नवरा आमच्याच नाट्यगृहातला. दिवे लावतो. खरेखुरे, तू म्हणशील तसले नव्हेत. सगळे त्याला दिवेवाला म्हणतात आणि तो मला हवालदार म्हणतो, कारण मी अजून तेच करतेय, पडद्यामागून सगळ्यांना हाकायचं काम. कुणी कुठून यायचं, कुठे उभं राहायचं, दिवा कधी पडायचा, सगळं माझ्या तोंडून सुटतं. बत्तीस माणसांची नाटकं उभी केलीत मी, एक लग्न मला जड जाणार आहे का?

म्हणून ठरवलंय, सगळं आपलं आपण करायचं. एक बाई आल्या होत्या फाइल घेऊन. लग्नं लावून देणं हाच त्यांचा धंदा. मला विचारतात, "तुमच्या लग्नाची थीम काय?" मी म्हटलं, "नवरा आणि बायको." बाई उठून गेल्या. दिवेवाला म्हणाला, "अगं, निदान ऐकून तरी घ्यायचं. त्या दिवशी आपल्या मागे कुणीतरी पळायला हवं." मी म्हटलं, पळायला मी आहे की. तो गप्प बसला. हा गप्प बसला म्हणजे त्याला पटलेलं नसतं, एवढं मला आता कळायला लागलंय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. लग्न बाबांच्या लिलावघरात करतोय. बाजार गावाबाहेर गेला, तेव्हापासून ती जागा रिकामीच आहे. फळांच्या पेट्या गेल्या, वास तेवढा राहिलाय. बाबांचा चौथरा आहे तसा आहे.

नाव काढलं तरी तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. मला माहीत आहे. तू तुझं ठरलेलं लग्न मोडतेस हे सांगायला भर लिलावात आत शिरलीस. मुलाकडच्यांना शब्द दिलेला, मुलाचा बाप समोर बसलेला, आणि बाबा चौथऱ्यावर. त्यांनी सगळ्यांदेखत तुझ्याकडे बोट केलं आणि पेटी विकावी तसा पुकारा दिला. ही पोर माझी नाही, एक वार. माझी नाही, दोन वार. मी दाराशी डबा घेऊन उभी होते. तिसरा पुकारा झाला तेव्हा तू माझ्या अंगावरूनच बाहेर गेलीस, आणि मी डबा खाली ठेवून तुझ्या मागे यायचं सोडून तो घट्ट धरून उभी राहिले.

बाबांना तो दिवस खातोय, ताई. तोंडाने म्हणायचे नाहीत, तुला माहीत आहेत ते. पण माझं लग्न ठरल्याचं सांगितलं तेव्हा पहिलं वाक्य काय बोलले असतील? "थोरली येईल का?" मी म्हटलं, तुम्ही दोन ओळी लिहून पाठवा. तर खवळले. "चारचौघांत बोललो, ते गुपचूप कागदावर मागे घेऊ? पुकारा असा मागे घेतात होय?" त्यांच्या धंद्याचा नियम तुला माझ्याहून जास्त पाठ आहे. तिसरा पुकारा पडला की पडला. चूक झालीच असेल, तर ज्याने दिला त्यानेच, त्याच चौथऱ्यावरून, त्याच मंडळींसमोर, आणि माल डोळ्यांपुढे असताना मागे घ्यायचा. म्हणून मी लिलावघर मागून घेतलं. जुने व्यापारी सगळे येणार आहेत. चौथरा आहे. फक्त तू हवीस.

तुला माल म्हटलं म्हणून रागावू नकोस. रागावायला ये हवं तर.

तुझी,
धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी काही लगेच थकणारी नाही.

लग्न म्हणजे नाटकच, असं मी मोठ्या तोंडाने सांगत फिरत होते. आता नाकी नऊ आलेत. नाटकात माणसं सांगितलेलं ऐकतात. इथे आचारी म्हणतो पाहुण्यांचा आकडा द्या, पाहुणे म्हणतात बघू जमलं तर. खुर्च्यांवाला दोन रंगांच्या खुर्च्या देतो म्हणाला. मी म्हटलं, एका रंगाच्या. तो म्हणाला, "ताई, बसल्यावर रंग कुणाला दिसतो?" दोन रंगांच्या येताहेत.

दिवेवाल्याशी कडाक्याचं भांडण झालं. त्याला लख्ख उजेड हवाय, सगळ्यांना सगळे दिसावेत असा. मला तो उजेड बाजारी वाटतो. बाबा बोलतील तेव्हा घरभर अंधार आणि चौथऱ्यावर एकच झोत, असं मी डोळ्यांपुढे आणलंय. तो म्हणाला, "झोत डोळ्यांवर आला की समोरचं काही दिसत नाही. नटांना सवय असते, त्यांना नाही." मी म्हटलं, त्यांनी तिथे उभं राहून आयुष्य काढलंय, त्यांना शिकवतोस? मग रात्रीपर्यंत अबोला. शेवटी मी तीन बोटं वर केली आणि एकेक करून मिटली. त्याला काय कळणार! "हे काय, पाणी हवंय का?" म्हणाला.

तुला कळलं असतं. बाजारात कल्ला वाढला की बाबा तोंडाबरोबर बोटांनीही पुकारा द्यायचे. आणि मागे घ्यायचा तर तीन बोटं उभी करून उलटी मिटायचे, तीन, दोन, एक, मूठ. आपण ते घरी आणलं. तू माझ्या वेण्या ओढायचीस, मी तुझ्या वहीवर शाई सांडायचे, आणि मग जिची चूक तिने बोटं मिटायची. तू नेहमी अर्ध्यातच थांबायचीस, शेवटचं बोट काही मिटायची नाहीस. लबाड.

बाबांचा घसा बसलाय. दिवाळीपासून तसाच आहे. डॉक्टर म्हणाले, जपा. एवढंच म्हणाले.

ये ग.

धाकटी


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं! पोस्टमन दाराशी असतानाच वाचलं. "बोलणार असतील तर ऐकायला येईन. जेवायला थांबणार नाही." जीव भांड्यात पडला माझा. नको थांबूस जेवायला. डबा बांधून देईन, तोही नको असेल तर नको.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि म्हणाले, "अक्षर बदललं तिचं." संध्याकाळी बघते तर न्हाणीघराचं दार लावून आत पुटपुटताहेत. पाठांतर चाललंय! चाळीस वर्षं चौथऱ्यावरून ओरडलेला माणूस आरशासमोर बोलायला शिकतोय. मी बाहेरून म्हटलं, बाबा, घशाला त्रास नका देऊ. आतून आवाज आला, "तुझं काम कर."

पुढच्या आठवड्यात रंगीत तालीम घेतेय. लग्नाची, हो. दिवेवाला हसून हसून लोळला. पण मला अंधारात उडी मारायची सवय नाही. सही करायचं टेबल कुठे, कुणी कधी उठायचं, झोत कधी पडायचा, सगळं एकदा घडवून बघणार. जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून ठेवल्यात. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत, चौथऱ्याच्या बरोबर समोर. तिच्या पायांशी चारही बाजूंनी पट्टी लावलीय, म्हणजे कुणी सरकवली तरी परत जागेवर येईल. तालमीत तुझ्या जागी आमच्या प्रॉम्प्टरबाई बसतील. नाटकात नटांना विसरलेली वाक्यं पुरवायचं त्यांचं काम. बांधा साधारण तुझ्यासारखाच आहे, निदान मला आठवतो तसा.

तू आता कशी दिसतेस, मला खरंच माहीत नाही. लिहिताना हे पहिल्यांदाच लक्षात आलं.

धाकटी


१ मार्च

ताई,

तालीम झाली. झक्कास झाली म्हणायला हरकत नाही. जेवणाचं टेबल दाराच्या वाटेत येत होतं, ते हलवलं. सही करताना दिवेवाल्याने पेन हरवलं, ते त्याच्याच कानावर सापडलं. संत्रीवाले काका आठवतात? बाबांशी प्रत्येक पेटीवरून भांडायचे ते. ते मुद्दाम तालमीला आले आणि लग्नात किती टाळ्या वाजवायच्या हे मला विचारत बसले.

बाबा चौथऱ्यावर चढले. हात धरू दिला नाही. त्यांचं मी थोडक्यात आवरतं घेतलं, तालमीत सगळं वापरून टाकायचं नसतं. नटांनाही आम्ही तेच सांगतो, आदल्या दिवशी आवाज राखा, नुसते ओठ हलवा. बाबांनाही सांगितलं. ऐकलं त्यांनी.

उरलेलं तुझ्यासमोर.

धाकटी


१४ मार्च

ताई,

लग्न पुढे ढकललंय. २० एप्रिलला करतोय. लिलावघराच्या छपराचे दोन पत्रे निघाले, ते बसवून घ्यायला वेळ लागेल. तुझी रजा बदलावी लागेल, माफ कर. जागा, वेळ, खुर्ची सगळं तेच आहे.

बाबा बरे आहेत. सध्या फारसं बोलत नाहीत, एवढंच.

तू येणार आहेस ना? तेवढं कळव. फक्त "हो" लिहिलंस तरी चालेल.

धाकटी


८ एप्रिल

ताई,

तुझं "हो" पोचलं. कार्डावर खरंच तेवढंच लिहिलंस! हसायला आलं आणि मग दुसरंही काही आलं.

येशील तेव्हा आधी मला भेट. दाराशीच थांब, मी बाहेर येते. आत जाण्याआधी पाच मिनिटं तुझ्याशी बोलायचंय. पत्रात लिहिण्यासारखं नाही. विसरू नकोस, आधी मला भेट.

धाकटी


२४ एप्रिल

ताई,

हे पत्र तू उघडशील की नाही माहीत नाही. उघडलंस तर कृपा करून शेवटपर्यंत वाच. त्या दिवशी शेवटपर्यंत थांबली नाहीस, तो दोष तुझा नाही. निदान इथे थांब.

छपराचे पत्रे निघाले नव्हते. छप्पर धडधाकट आहे.

तालमीनंतर तिसऱ्या दिवशी पहाटे बाबांना श्वास घेता येईना. दवाखान्यात नेलं, तसंच आत घेतलं. घशातली गाठ जानेवारीतच सापडली होती. तेव्हाच डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, ऑपरेशन करावं लागेल आणि आवाज जाईल. बाबांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले, "आधी लग्न, मग काय कापायचं ते कापा." डॉक्टरही कबूल झाले, थोडे दिवस निघतील म्हणाले. निघाले नाहीत. घसा कापला, बाबा वाचले, आणि आवाज गेला. बसलेला आवाज सुटतो तसा हा कधी सुटायचा नाही. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात. लग्नात वर मफलर गुंडाळला होता तो त्याचसाठी.

तुला का नाही कळवलं? तू लिहिलं होतंस, "बोलणार असतील तर." त्या तीन शब्दांनी माझे हात बांधले. खरं कळवलं तर तू येणार नाहीस अशी भीती वाटली, आणि ती भीती मी छपराच्या पत्र्यांखाली दडवली. म्हटलं, एकदा दाराशी येऊ दे, मग तिचे हात धरून सांगते. म्हणून लिहिलं होतं, आधी मला भेट.

तू आलीस तेव्हा मी शिडीवर होते.

हसू नकोस. किंवा हस. लग्नाचे कपडे अंगावर, कानाला हेडसेट, आणि शिडीवर चढून फ्यूज बदलत होते, कारण ऐन वेळी चौथऱ्यावरचा झोत गेला. दिवेवाला म्हणाला, "खाली उतर, लग्न आहे तुझं. झोत नको, साधे दिवे लावू." मी म्हटलं, पाच मिनिटं. मला झोतच हवा होता. तू दारात येऊन थांबलीस, इकडेतिकडे पाहिलंस, असं प्रॉम्प्टरबाई नंतर म्हणाल्या. त्यांनी तुला बरोबर ओळखलं, जिच्या खुर्चीवर आपण बसलो होतो ती हीच म्हणून. आणि मी तालमीत जे सांगून ठेवलं होतं ते त्यांनी चोख केलं, तुला थेट खुर्चीवर नेऊन बसवलं. तुझ्या आजूबाजूच्या सगळ्यांना बाबांचं माहीत होतं. फक्त तुला नव्हतं.

सह्या झाल्या. ते तू पाहिलंस. सही करतानाही माझा हेडसेट कानावर होता, फोटोत दिसतोय. मग मी ठरल्याप्रमाणे चौथऱ्यामागच्या पडद्याआड गेले, दिवे घालवायला सांगितले आणि झोत टाकला. बाबा चढले.

मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही लिहून द्या, मी वाचते. हल्ली ते ज्या पाटीवर लिहून बोलतात तिच्यावर त्यांनी लिहिलं, "पुकारा माझा." बरं, संत्रीवाले काका वाचतील. पाटी पुसून पुन्हा तेच लिहिलं, "पुकारा माझा." मग मी विचारलं, बोलणार कसे? त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि ओठ हलवून दाखवले. माझ्याकडे बघून. मीच शिकवलं होतं ना, आवाज नसेल तेव्हा नुसते ओठ हलवायचे.

तर ते बोलले, ताई. सगळं बोलले. मला फक्त पाठ दिसत होती, खांदे हलताना दिसत होते. बरंच बोलले. झोत त्यांच्या डोळ्यांवर होता, समोरचं त्यांना काही दिसत नव्हतं, ना तू, ना खुर्ची. ते आपले अंधाराकडे बघून बोलत राहिले.

तू केव्हा उठलीस ते मला कळलं नाही. दाराशी प्रॉम्प्टरबाईंनी तुला अडवायचा प्रयत्न केला. तू म्हणालीस, "माझ्यासाठी अजूनही त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही." आणि गेलीस. बाई मला सांगताना रडत होत्या. आयुष्यभर लोकांना वाक्यं पुरवली त्यांनी, आणि तेव्हा एवढं एकच वाक्य पुरवायला सुचलं नाही, की अहो, त्यांना आवाजच नाही. नंतर रस्त्यापर्यंत धावल्या. तू गाडीत बसली होतीस.

तू गेल्यावर काय झालं ते ऐक. बाबा थांबले. मग उजवा हात वर केला, पूर्वी करायचे तसा, कोपर न वाकवता. तीन बोटं. एक मिटलं, दुसरं मिटलं, आणि तिसरंही मिटून मूठ छातीशी आणली. मला मागून दिसलं. अंधारातून संत्रीवाले काका ओरडले, "मागे घेतला!" मग सगळे व्यापारी, म्हातारे झालेले, काठ्या टेकत आलेले, उभे राहून एका सुरात ओरडले, "मागे घेतला! मंजूर!" पत्रे दणाणले. मी तोंडावर हात दाबून उभी होते. मग दिवे लावायला सांगितले आणि तुझी खुर्ची पाहिली. चारही पट्ट्यांच्या आत, अगदी जागेवर होती.

बाबांना मी ती पाहू दिली नाही. पळत जाऊन आधी त्यांना मिठी मारली आणि पडद्याआड नेलं. त्यांनी पाटी मागितली. "होती?" एवढंच लिहिलं. मी म्हटलं, होती. "शेवटपर्यंत?" मी म्हटलं, शेवटपर्यंत, रडत होती, म्हणून लगेच गेली. त्यांनी मान हलवली आणि लग्नाचं जेवण वाडग्यातून पातळ करून दिलं ते सगळं संपवलं. आता रोज सकाळी पाटीवर काहीतरी विचारतात. "काय घातलं होतं?" "केस पिकले का?" मला काय माहीत! मी तुला पाहिलंच नाही. माझ्या लग्नात तू आलीस आणि मी तुला पाहिलं नाही. मी मनाने रंगवून सांगते, निळं काहीतरी होतं, केस थोडे पिकलेत, शोभतात. ते पाटी पुसतात आणि पुन्हा वाट बघतात.

दिवेवाल्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. मीच विचारलं, तू का नाही रे अडवलंस? तो म्हणाला, "तुला? तुझ्या हातात तालमीचा कागद असताना?" फाइलवाल्या त्या बाईंना मी हसले होते. त्यांना लावलं असतं तर शिडीवर त्या असत्या. पडद्याआड त्या असत्या, हेडसेट त्यांच्या कानाला असता, आणि मी पहिल्या रांगेत तुझ्या शेजारी बसून तुझा हात धरला असता. कानात सांगितलं असतं, ताई, आवाज गेलाय ग त्यांचा, बोटांकडे बघ. एवढंच करायचं होतं मला. बाकी सगळं कुणीही करू शकलं असतं.

आता शेवटचं सांगते. हे सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

१ मार्चच्या पत्रात लिहिलं होतं, बाबांचं आवरतं घेतलं. कसं घेतलं ते लिहिलं नव्हतं. तालमीत ते चौथऱ्यावर चढले तेव्हा घसा बसलेला असूनही आवाज निघत होता, खरखरीत, पण त्यांचाच. मी म्हटलं होतं, नुसतं उभं राहून दाखवा. पण खाली प्रॉम्प्टरबाई तुझ्या खुर्चीत बसल्या होत्या आणि झोत अजून लावला नव्हता. त्यांना खुर्ची भरलेली दिसली. चेहरा असा झाला त्यांचा, की दिवेवाल्याने हातातलं काम ठेवलं. आणि बाबांनी सुरुवात केली. तालीम आहे, हे ते विसरले होते, किंवा विसरले नव्हते, आपल्याजवळ किती दिवस आहेत ते त्यांना ठाऊक होतं. मी कागद हलवत पुढे गेले आणि म्हटलं, "बाबा, बस्स! आवाज राखून ठेवा. हे त्या दिवसासाठी."

ते लगेच थांबले. चौथऱ्यावर उभ्या असलेल्या त्या माणसाला आयुष्यात कुणी मधेच थांबवलं नव्हतं. माझं ऐकलं त्यांनी.

दोनच वाक्यं निघाली होती, दुसरं अर्धंच. तू आवाज ऐकायला आली होतीस, म्हणून जेवढा आहे तेवढा तुला कळवते. म्हणाले, "थोरले, ऐक. त्या दिवशी मी"

पुढचं मी बोलू दिलं नाही.

धाकटी